छावणीतला पिक्चर

"हला की हो! फोटू न्हाई हा, पिच्चर हाय!"

नेकनूरच्या आसपास त्या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या शिडीत हे वाक्य कुठे ना कुठे ऐकू येतंच. सीडीला आमच्याकडे शिडीच म्हणत. कॅमेरा समोर आला की आमची माणसं श्वास रोखून, हात मांडीला चिकटवून ताठ उभी राहत. मग खांद्यावरचा कॅमेरा तसाच ठेवून आमचा शूटिंगवाला दुसऱ्या हाताने नवरदेवाच्या आजोबांना गदागदा हलवायचा, करवल्यांवर अक्षता फेकायचा आणि ओरडायचा. तुमच्याही लग्नात असा एखादा शूटिंगवाला असेलच. पण आमच्या शूटिंगवाल्याच्या बाबतीत पुढे जे घडलं, ते तुमच्याकडच्या कुणाच्या बाबतीत घडलं असेल असं वाटत नाही.

एसटी स्टँडजवळ त्याचं दुकान होतं. तिथल्या संगणकात बदामाचे आकार भरपूर होते आणि त्यातला एकही वाया जाऊ नये यावर त्याचा कटाक्ष असे. नवरी बदामातून यायची, नवरदेव बदामातून यायचा. एकदा तर पंगतीत बुंदी वाढणारा आचारी बदामातून आला. मी म्हटलं, "अहो, आचारी कशाला?" तर म्हणाला, "सायेब, त्याचं बी कुनीतरी आसंलच की."

मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव. दुष्काळाच्या त्या वर्षी तलाव आटले, दूध आटलं, आणि लग्नंही आटली. मारुतीच्या पारावर घरच्याच माणसांत अक्षता टाकून लोक मोकळे होऊ लागले. शूटिंग कोण सांगणार? त्याच उन्हाळ्यात सोसायटीच्या मोकळ्या रानात चारा छावणी सुरू झाली आणि तिची देखभाल माझ्याकडे आली. एका सकाळी बघतो तर फाटकात हा, खांद्यावर कॅमेरा.

"हितं कावून आलात?" मी विचारलं.

"लग्नं न्हाईत. खांदा आखडलाय. गर्दी हाय म्हनलं, आलो."

पहिले काही दिवस त्याने छावणीचं लग्नच काढलं. फाटकातून येणारी जनावरं म्हणजे वऱ्हाड. चेअरमनचं उद्‌घाटनाचं भाषण अथपासून इतिपर्यंत. मग तो सोनाबाईच्या म्हशीपुढे जाऊन उभा राहिला आणि सवयीने ओरडला, "हला की!" म्हशीने शांतपणे त्याच्याकडे पाठ केली.

सोनाबाई डोंगराकडची, एकटी बाई. लेक तलवाड्याला दिलेली. घरात आता ती आणि मैना नावाची ही म्हैस, एवढंच. मैनेला घेऊन ती चालत छावणीत आली होती आणि तिच्याच शेजारी ताडपत्रीखाली राहत होती. आपल्या वाट्याची अर्धी भाकरी मैनेला घालताना मी तिला रोज बघत होतो. तेवढ्याचं शूटिंग काढू का, असं याने विचारलं तर तिने अट घातली.

"काड. पन समद्यांच्या आदी मला दावायचं. मपली म्हैस लोकान्ला म्हाईत आन मला न्हाई, आसं चालायचं न्हाई."

"दावतो, मावशी. शब्द हाय मपला."

तेव्हापासून तो लग्न विसरला. रोज येऊन तिच्याजवळ बसू लागला. मध्येच चाऱ्याची गाडी आली नाही. उद्या येईल म्हणता म्हणता उद्याही आली नाही. माणसं रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली आणि मैना खाली बसली ती उठेचना. सोनाबाई तिचं पोट चोळत, कानाशी बोलत तशीच बसून राहिली. ऊन चढलं, उतरलं. शेवटी मैनेने पुढचे पाय टेकले, थरथरली आणि उभी राहिली. इतका वेळ हा समोर कॅमेरा धरून होता. त्या दिवशी तो कुणालाही "हला" म्हणाला नाही.

पुण्याला माहितीपटांचा महोत्सव भरतो आणि त्यात गावाकडच्या नव्या लोकांचे अर्धवट पिक्चरसुद्धा घेतात, हे मीच पेपरात वाचून त्याला सांगितलं. त्याने शिडी पाठवली. तिच्यात मैना गुलाबाच्या पाकळ्यांतून प्रकट होत होती आणि ती उठते तिथे सनई होती.

उत्तर आलं ते सोसायटीच्या फोनवर. महोत्सवाच्या एक बाई बोलत होत्या. फोनवरसुद्धा तो उभा राहून, शर्टाची बटणं लावून बोलला. बाईंचं म्हणणं, तुमच्याकडे चांगला पिक्चर आहे, पण तो आत दडलाय. इकडे या, जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च आमचा. शेजारी बसून कापाकापी करू आणि महोत्सवात दाखवू. फक्त बदाम काढावे लागतील.

त्याने फोनवर तळहात ठेवला आणि पडलेल्या चेहऱ्याने मला विचारलं, "समदे?"

पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. परत आला की माझ्या टेबलाशी बसून हकिगत सांगायचा.

"बाई लई कडक हाय. म्हनली, म्हैस उटती तितं सनई कावून? म्या म्हनलं, लोकान्ला रडू यावं म्हनून. म्हनली, काडून बगू. काडली. तर सायेब, म्याच रडलो."

चेअरमनचं भाषणही गेलं. उरला तो फक्त भाषणाच्या वेळी फलकाचा हार खाणारा बैल. आता चेअरमनला काय सांगायचं, ही काळजी माझ्याकडे आली.

सगळं ठरलं आणि बाईंनी फोनवर नियम सांगितला. महोत्सवात दाखवण्याआधी पिक्चर कुठेच दाखवलेला चालत नाही.

"मग नगं," हा म्हणाला.

मी समोर बसून हातवारे करतोय, कपाळावर हात मारतोय, पण हा ढिम्म. "बाई, मी म्हातारीला शब्द दिलाय. तिच्या आदी कुनाला दावनार न्हाई." आणि फोन ठेवला. उन्हाळाभराचं काम असं एका वाक्यात मातीत घालून तो चहा प्यायला निघून गेला. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन पुन्हा आला. म्हणाल्या, सोनाबाईंशी बोलायचंय. मी तिला बोलावून आणलं. ती पलीकडचं सगळं ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, "तुमचा नेम तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मला तितंच दावा की. मी येते. समद्या लोकांच्या आदी घटकाभर."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आलं.

छावणी तोवर उठली होती. मैनेजवळ राहायला तलवाड्याहून लेक आली आणि आम्ही तिघं एसटीने पुण्याला गेलो. महोत्सवाच्या सकाळी, दारं उघडायच्या आधी, त्या भल्यामोठ्या रिकाम्या थिएटरात सोनाबाई पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी मागे. हा दारात, पळून जायच्या तयारीत असल्यासारखा.

अंधार झाला आणि भिंतीएवढी मैना आली.

"बया, केवढी झाली!" सोनाबाई उभीच राहिली.

मग ती पडद्याशी बोलत राहिली. शेजारच्या गाईला नावं ठेवली, बैलाने हार खाल्ला तेव्हा टाळी वाजवली. पण मैना खाली बसली तशी पडद्याजवळ सरकली. मैना घरी धडधाकट आहे हे तिला माहीत होतं, तरी अंधारातून तिचा आवाज आला, "ऊट माय. ऊट."

दिवे लागले. हा दारातूनच म्हणाला, "कसा हाय, मावशी?"

"लई वाळली हुती रं," ती म्हणाली. "तवा दिसलं न्हाई मला." पदराने तोंड पुसलं आणि उठली. "दाव आता लोकान्ला."

सगळ्यात मागच्या रांगेत बाई चष्मा काढून बसल्या होत्या.

दुपारी थिएटर भरलं. पिक्चर संपल्यावर एका दाढीवाल्याने माइक घेऊन विचारलं, तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे? हा म्हणाला, "लग्नाचा." लोक किती तरी वेळ हसत होते आणि आपण काय चुकलो हे त्याला कळेना. पण बाईंनी त्याला त्याच गर्दीतून हाताला धरून नेलं, पिक्चरला मदत करणाऱ्या लोकांपुढे बसवलं आणि दुसऱ्या पिक्चरसाठी त्याला कॅमेरा आणि वर्षभराची सोय मिळवून दिली.

गावातही पिक्चर दाखवला. चेअरमन पुढच्या खुर्चीत. स्वतःला शोधून शोधून थकले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "बैल मातर चांगला आलाय." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर त्याने काढलेल्या लग्नांची मात्र लोकांनी धास्ती घेतली. शिडीत भांडी घासणाऱ्या बाया, मांडवामागे एकटाच बिडी ओढणारा नवरीचा बाप. नवरदेवाकडचे भांडायला आले, "नवरदेव कुठंय बे?" हा शांतपणे म्हणाला, "नवरदेव समद्यांनी बगितलाच की."

दुसऱ्या पिक्चरसाठी तो आमच्याकडच्या ऊसतोड टोळीबरोबर गेला. ट्रकमध्ये, त्यांच्या गोधड्या-कोंबड्यांबरोबर. राहिलाही त्यांच्यातच, उसाच्या पाचटाच्या खोपीत. आणि त्या थंडीत तिथेच, छातीत कळ येऊन गेला.

बाई त्याच्या घरी आल्या. त्याच्या बायकोला विचारून सगळं शूटिंग नेलं आणि महोत्सवाने तो पिक्चर पुरा केला. दाखवायच्या दिवशी तिला आणि मला बोलावलं. नेहमीप्रमाणे पिक्चरभर तो कुठेच नव्हता.

शेवटी मात्र एक तुकडा होता. कॅमेरा जमिनीवर ठेवलेला, चालूच राहिलेला. फक्त त्याचे पाय दिसतात, भेगाळलेले, पाचट तुडवत खोपीकडे जाणारे. तो चुलीपाशी बसतो. त्याचा आवाज येतो, "माय, चहात साखर कमी टाका. डाक्टरनं सांगितलंय."

"उसाच्या फडात बसून साखर कमी?" कुणी बाई म्हणते आणि टोळी खदखदून हसते. थिएटरही हसलं.

त्याची बायको माझ्याकडे झुकली. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "डाक्टरचं मला बोललेच न्हाईत बगा."

पडद्यावर एका पायाने दुसरा पाय खाजवला. मग बशीतून चहा ओढल्याचा आवाज आला, मोठा, निवांत.