माझे पाच दिवस, आईंचे आठ

पासाऊच्या पुलावर माझी भाची पल्लवी हात हलवून मागे वळली, तेव्हा तिथं सकाळचे नऊ वाजले होते. म्हणजे सौंसरला दुपारचे साडेबारा. माझ्या सासूबाई त्या वेळी जामसांवलीच्या मारुतीहून परत येऊन, पाय धुऊन जेवायला बसल्या असणार. शाळेतल्या सत्कारात मी या प्रवासाबद्दल पाऊण तास बोलले, त्यात सासूबाईंचं नावसुद्धा आलं नाही. म्हणून इथं त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

मी नागपूरजवळच्या सौंसरला हायस्कुलात भूगोल शिकवते. वय बावन्न, वजन विचारू नका. बावीस वर्षं पोरांना डॅन्यूब नदी छडीच्या टोकानं नकाशावर दाखवली, पण तिचं पाणी कधी पाहिलं नव्हतं. पल्लवी जर्मनीत पासाऊला शिकायला गेली आणि म्हणाली, मावशी, सुट्टीत ये, इथून थेट व्हिएन्नापर्यंत नदीच्या काठानं सायकलचा रस्ता आहे, गाड्या नाहीत, चढ नाही, माझीच सायकल ने. मी हो म्हटलं. घरात सगळे हसले. आमचे हे म्हणाले, आधी पांढुर्ण्यापर्यंत तरी जाऊन दाखव. पांढुर्णा माझं माहेर, मी हट्टानं गेले. येताना मात्र सायकल बसच्या टपावर टाकून आले, आणि ते आमच्या गल्लीत कोणी विसरलं नाही.

सासूबाई, म्हणजे आई, एकाहत्तरच्या. आठ दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या की, मारुतीला सांगून आले. सून जितके दिवस सायकल चालवील तितके दिवस मी अनवाणी पायी दर्शनाला येईन. ती बसली त्या दिवशी मीही बसेन. मी डोक्याला हात लावला. आमच्या घरापासून जामसांवली त्यांच्या चालीनं अडीच तास, आणि दिवस मे महिन्याचे. मी म्हटलं, आई, उगाच कशाला? तर म्हणाल्या, "तू तुये पाय चालव, मी माये चालवतो." विषय संपला.

तेव्हा असं ठरलं की रोज संध्याकाळी आईंनी फोनवर विचारायचं, "उद्या चालणार का?" आणि मी हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं की त्या पहाटे साडेचारला निघणार आणि येताना ऑटोनं येणार.

पहिले दोन दिवस काय सांगू! डावीकडे डोंगर, उजवीकडे नदी आणि मधून आपला हातभर डांबरी रस्ता. कुठं पलीकडच्या काठावर जायचं असलं की खांबाला बांधलेली घंटा वाजवायची, मग पलीकडून नाववाला येतो आणि सायकलीसकट घेऊन जातो. श्लोगनला नदी अशी वळते की आपण पुढं चाललोय की मागं, हेच कळेना. समोरून येणारा प्रत्येक जण "सेर्वुस" (आपल्या रामरामसारखं) म्हणतो. ऐंशीच्या घरातलं एक जोडपं मला ओलांडून गेलं आणि पुढच्या बाकावर माझी वाट बघत थांबलं. कुठून आलात, त्यांनी विचारलं. मी नागपूर म्हटलं, तेवढंच त्यांना नकाशावर सापडलं असतं. त्यांनी मला अर्धं सफरचंद दिलं. मी बॅगेतला आमच्याकडचा जवसाचा लाडू दिला. आजोबांनी तो बराच वेळ चघळला, आवडला की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी लिंत्स गावी पोचले तेव्हा बसायची जागा सोलून निघाली होती. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ. फोन आला, "उद्या चालणार का?" मी तोऱ्यात हो म्हटलं.

सकाळी उठले तर बाहेर बारीक, गार पाऊस आणि मला पलंगाच्या कडेवरही टेकवेना. घड्याळात साडेसात. तिकडे अकरा. आईंचं दर्शन होऊन त्या घरीही पोचल्या असणार. आता सांगून काय फायदा, असं मी स्वतःला म्हटलं. पल्लवीला फोन करून पुढच्या दोन मुक्कामांच्या खोल्या रद्द करायला लावल्या, सायकल घेऊन स्टेशनवर गेले आणि मधे एक गाडी बदलून दुपारच्या आत मेल्कला उतरले. सायकलनं तिथं पोचायला मला तीन दिवस लागायचे होते. पल्लवीला बजावलं, घरी बोलू नकोस. ती बरं म्हणाली, पण तिला ते आवडलं नव्हतं.

इथपर्यंत तरी माफी होती. संध्याकाळी फोन आला तेव्हा सरळ सांगायचं होतं की आई, उद्या बसा, मी बसले आहे. पण मला तो बसचा टप आठवला. आमचे हे मागून हसणार, गल्लीत बातमी होणार, बघा मॅडम परत लटकल्या. मी म्हटलं, हो, उद्या चालणार. पुढच्या दिवशी पुन्हा तेच म्हटलं. वर तेवढ्यापुरती सायकल नदीकाठी नेऊन, हेल्मेट घालून फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, आज वारा समोरून होता.

मेल्कला मी एका विधवा बाईंच्या पेन्शनमध्ये (घरगुती लॉजमध्ये) राहिले. गावावर एक प्रचंड पिवळा मठ आहे, खिडकीतून तोच दिसायचा. बाई साठीच्या, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. त्यांनी जर्दाळूचे उकडलेले गोळे केले होते. वरून भाजलेला पावाचा चुरा आणि साखर, आत अख्खं फळ, आपल्या मोदकाचा थोरला भाऊच. झाडावर अजून हिरवी फळं होती, हे मागच्या साली बर्फात ठेवलेले, असं त्यांनी सांगितलं. मी चार खाल्ले.

त्यांच्या दारावरून पायी यात्रेकरूंची एक जुनी वाट जाते. खांद्यावर पिशव्या घेतलेली माणसं रोज जाताना दिसत. त्यावरून विषय निघाला आणि मी बढाई मारल्यासारखं सांगून बसले की माझ्या सासूबाईही माझ्यासाठी रोज अनवाणी देवाला जातात, मी सायकल चालवते तितके दिवस. बाईंचा हात थांबला. त्यांनी विचारलं, आज पण चालल्या? मी हो म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं शेडमध्ये माझी सायकल दोन दिवसांपासून उभी होती, वरून त्यांनीच टाकलेल्या प्लास्टिकसकट. मग माझी बशी उचलून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तुमच्या आईंसाठी." माझ्यासाठी नाही लावली, हे मला बरोबर कळलं. तोंड लपवायला त्या घरात जागा नव्हती.

आदल्या संध्याकाळीच आमचे हे फोनवर बोलता बोलता म्हणाले होते की आई आज जरा उशिरा पोचल्या. मी का म्हणून विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

पुढचे तीन दिवस मी खरोखर सायकल चालवली. मेल्क ते क्रेम्स, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षाचे मळे, क्रेम्स ते टुल्न आणि मग व्हिएन्ना. लोक म्हणतात तसा तो रस्ता देखणाच आहे. मला त्यातलं फारसं आठवत नाही. प्रत्येक वळणाला मी पेडल असं मारत होते की जणू त्यानं मागचं काही भरून निघणार आहे. व्हिएन्नाच्या पुलावर एका मुलीनं माझा फोटो काढला, त्यात मी हसते आहे. तोच फोटो शाळेच्या फलकावर लागला.

घरी आले तर आईंच्या उजव्या तळव्याला फडकं. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. माझ्या मेल्कच्या दुसऱ्या दिवशी आईंना वाटेत चक्कर आली, संत्र्याच्या एका बगीच्याजवळ दोन-तीन तास बसावं लागलं, तोवर डांबर तापलं आणि तळव्याला मोठा फोड आला. तिसऱ्या दिवशी नका जाऊ म्हटलं तर ऐकेनात. म्हणाल्या, "सून तिकडं वाऱ्यात सायकल चालवून राहिली, अन् मी काहून (का) बसू?" फडकं गुंडाळून गेल्या.

मी तेव्हाही बोलले नाही. शनिवारी शाळेत शाल-श्रीफळ घेतलं, भाषण केलं. पहिल्या रांगेत आई बसल्या होत्या आणि प्रत्येक टाळीला सगळ्यांत शेवटी थांबत होत्या.

रविवारी नवस फेडायला आम्ही दोघी ऑटोनं जामसांवलीला गेलो. आईंच्या पिशवीत आठ नारळ होते, दर दिवसाचा एक. इथला मारुती निजलेला आहे. पायऱ्यांशी आई मला म्हणाल्या, "तो निजला हाय, पन पाहून राहिला हाय." त्या नेहमीच असं म्हणतात, माझ्यावर रोख नव्हता. पण मला पुढं पाऊल टाकवेना. तिथंच पायरीवर बसून मी सगळं सांगितलं. लिंत्स, रेल्वे, मेल्क, फोटो, वारा.

आई ऐकत होत्या. रडतील, ओरडतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त तळव्यावरचं फडकं नीट केलं आणि विचारलं, "मंग ते तीन दिवस मी कोनासाठी चालली?"

 

त्यांनी पिशवीतून पाच नारळ काढले, आत गेल्या, फोडून आल्या. उरलेल्या तीन नारळांची पिशवी माझ्या हातात दिली. "हे तुये. चालून ये, मंग फोड." येताना ऑटोत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. मागून आवाज आला, "उद्या चालणार का?" मी हो म्हटलं.

अनवाणी निघाले. पहिल्या तासातच कळलं की मी डॅन्यूबच्या काठी काय काय सोसलं म्हणून भाषणात सांगितलं होतं, ते सगळं गादीवरचं होतं. बारीक गिट्टी कुठं कुठं टोचते ते आईंनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्या बगीच्याजवळ मीही बसले, जिथं त्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही गेले. दोन्ही संध्याकाळी आईंनी तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. माझ्या पायांकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेवटचा नारळ फोडून बाहेर आले तर आईंना रोज घरी सोडणारा ऑटोवाला उभा होता. मी बसले तेव्हा तो जरा घुटमळला.

"मॅडम, राग नका मानू. आजीचा फोन आला होता. तिन्ही दिवस आला. विचारून राहिल्या होत्या, सून खरंच पायी आली का म्हणून."

बावीस वर्षं एका घरात राहून त्यांनी माझ्याबद्दल बाहेरच्या माणसाला कधी काही विचारलं नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "आता लावा फोन. सांगा, आली म्हणून."