गादीपेक्षा उंच स्टूल

माझ्या बायकोनं जवळजवळ सगळी नोकरी उभ्यानं केली. लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात ती घड्या घालायला होती. दुकानाचं नाव सांगत नाही. मालक अजून आहे, माणूस तसा वाईट नाही, आणि आता कुणाला नावं ठेवत बसायचा मला कंटाळा आहे. मी चौथीपर्यंत शिकलोय. बोलतो तसंच लिहितो, चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं.

असलं दुकान ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आत शिरलं की गुडघ्याला लागेल एवढ्या उंचीचा लांबलचक लाकडी ओटा असतो. त्यावर पांढरी गादी. गादीवर विकणारे पुरुष मांडी घालून बसतात आणि गिऱ्हाईक समोर बाकावर बसतं. विकणारा एकामागून एक साडी उलगडतो, पदर दाखवतो, ढीग छातीपर्यंत येतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "बघतो जरा पुढं," आणि उठून जातं. तो ढीग उचलायचा, पुन्हा पहिल्यासारख्या घड्या घालायच्या, कपाटात रंग बघून लावायच्या, हे बायकांचं काम. गादीवर बायका चढत नाहीत. ओट्याच्या कडेला उभ्या राहतात, सकाळी शटर उघडल्यापासून ते पडेपर्यंत. त्याच बाजारात मी कापडाच्या गाठी पाठीवरून वाहिल्या. तिकडं सगळ्याच दुकानांत असं होतं, म्हणून कुणी त्याबद्दल बोलायचं नाही.

मग तिच्या पायाच्या शिरा वर आल्या. निळ्या, पिळलेल्या सुतळीसारख्या. घोट्याजवळची कातडी काळी पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, उभं राहणं बंद करा. आणि बसलात तरी पाय लोंबते ठेवू नका, वर घेऊन बसा."

ही म्हणाली, "बसून काम करायला मी काय मालक आहे?"

आम्ही वारज्याला दोन खोल्यांत राहायचो. मी अजून तिथंच आहे. संध्याकाळी ती बसमधूनही उभीच यायची. आल्यावर भिंतीला पाय लावून आडवी व्हायची आणि छताकडं बघत दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. नोकरी सोड म्हटलं की म्हणायची, "सोडते. मग तुमचं तोंड दिवसभर बघायचं. त्यापेक्षा शिरा परवडल्या." काम तिला आवडायचं, हे खरं होतं. साडीला हात लागला की तिचा चेहरा बदलायचा. तिला काम सोडायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं.

त्या सुमाराला बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाई बाजारात फिरायला लागल्या. केस कापलेले, खांद्याला झोळी, बरोबर कॉलेजातल्या दोन मुली. मी हिला न्यायला गेलो होतो, तेव्हा दुकानाच्या पायरीवर त्या हिला विचारत होत्या, "मावशी, तुम्हाला बसायला मिळतं का?"

"मिळतं की," ही म्हणाली. "बसमध्ये. नशीब असलं तर."

मी वाटेत म्हणालो, "असल्या लोकांच्या नादी लागू नको. येतील, फोटो काढतील, जातील."

"तुम्ही नका लागू. तुमचे पाय चांगले आहेत."

पण त्या गेल्या नाहीत, एवढं मी मान्य केलं पाहिजे. सणासुदीच्या आधी त्या उन्हात दुकानांसमोर उभ्या राहिल्या आणि आत जाणाऱ्या गिऱ्हाईक बायकांच्या सह्या घेतल्या. साडी बायकाच घेतात. ज्या दुकानात बायकांना बसू देत नाहीत तिथून आम्ही साडी का घ्यावी, असं त्या कागदावर होतं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायका सही करून आत जायच्या आणि मालकाला विचारायच्या. मालक देवाला भितो त्यापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त भितो. त्यानं संस्थेच्या बाईंना बोलावलं, चहा पाजला आणि दुकानात काचेच्या चौकटीत एक कागद लागला. बायका-पुरुषांना सारखी संधी, सगळ्यांना बसायची सोय, आणि तक्रारीसाठी समिती. समितीत मालकाची सून, संस्थेच्या बाई आणि माझी बायको.

पाठोपाठ स्टुलं आली. स्टीलच्या पायांची, उंच, वर गोल बैठक. ओट्याच्या कडेनं ओळीत मांडली. आणि एकही बाई बसली नाही.

आठवड्यानं त्या स्टुलांवर साड्यांचे गठ्ठे दिसायला लागले. संस्थेच्या बाई बघायला आल्या आणि मालकावर भडकल्या. "तुम्ही त्यांना दम दिलाय."

मालक म्हणाला, "मी? अहो, मी रोज सांगतोय बसा म्हणून. आता काय हाताला धरून बसवू?"

"हाताला धरू नका. ती वेगळी तक्रार होईल."

मालक म्हणाला, या महिन्यात बसल्या तर ठीक, नाहीतर दिवाळीच्या गर्दीत जागा अडवायला नकोत, स्टुलं गोदामात जातील. मग पुन्हा माझ्याकडं यायचं नाही.

त्या दिवशी हिनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला राग आला. तिच्या घोट्याला तोवर जखम झाली होती, चिंधी बांधून जात होती. मी म्हणालो, "एवढं पायाशी आणून ठेवलंय तर बसायला काय होतं तुला?"

तिनं घोट्याची चिंधी सोडली आणि म्हणाली, "काका गादीवर असतात."

काका म्हणजे दुकानातले सगळ्यांत जुने विकणारे. माझ्याहून मोठे. पोरवयापासून त्याच गादीवर.

"असू देत की."

"अहो, स्टूल गादीपेक्षा उंच आहे. मी वर बसले की माझे पाय कुठं येतात? काकांच्या मांडीशी. आणि तिथंच लग्नाचा शालू उलगडलेला."

मी म्हणालो, "रोज सकाळी गादीची पूजा ते लोक करतात. आपल्यात कुठं आहे तसलं?" आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाकी काही नाही. दुकानात उदबत्ती फिरायची तेव्हा ही बाजूला उभी राहायची, कुणी काही म्हणायचं नाही.

"पूजेचं नाही हो. म्हातारा माणूस खाली बसलाय आणि मी त्याच्या अंगाशी पाय सोडून बसू? बाकीच्या बायकांचंही तेच आहे. कुणी बोलत नाही एवढंच."

"मग सांग ना त्या बाईंना."

"कशी सांगू? बिचाऱ्या उन्हात उभ्या राहिल्या आपल्यासाठी. चांगल्या मनानं आणलेली वस्तू, नको कशी म्हणायची?"

म्हणजे बघा. ज्यांनी आणली त्यांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्या भिडेपोटी गप्प होत्या. मध्ये स्टुलं उभी. मी म्हणालो, "त्यांना वाईट वाटू दे. पाय तुझे आहेत."

"तुम्हाला ना, बोलायची रीतच नाही," असं म्हणून ती वळून झोपली.

पण समितीची बैठक झाली तेव्हा ती बोलली. मालकाच्या केबिनमध्ये झाली ती बैठक. मी नव्हतो, तिनं सांगितलेलं सांगतो. मालकही होता, आणि काकांनाही बोलावलं होतं. ही म्हणाली, "ताई, राग मानू नका, स्टूल आम्हाला नको."

संस्थेच्या बाईंचा चेहरा पडला. हिनं कारण सांगितलं. काका खाली बघायला लागले. बाई म्हणाल्या, "हे आम्ही आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं. चुकलंच आमचं."

मला त्या बाई तिथून पुढं आवडायला लागल्या. उगाच सारवासारव नाही.

मालक म्हणाला, "मग जरा बुटकी आणू?"

"त्यावर पाय लोंबतेच राहणार. मला पाय वर घ्यायला सांगितलंय. मला गादीवर बसू द्या."

"गादीवर विकणारे बसतात."

"मग विकते."

मालकाची सून हसली म्हणे. मालक नाही हसला. तो म्हणाला, आजवर कुठल्या बाईनं गादीवर बसून साडी विकलीय, गिऱ्हाईक काय म्हणेल. संस्थेच्या बाईंनी फक्त काचेतल्या कागदाकडं बोट दाखवलं. मग मालक काकांकडं वळला. त्याला वाटलं काका नाही म्हणतील आणि आपण सुटू. सगळ्यांना तसंच वाटलं.

काका म्हणाले, "सरकतो मी. पण उजव्या हाताला नको. तिकडून पंख्याचा वारा येतो."

झालं. एवढ्यावर ती गादीवर गेली.

पहिल्या दिवशी ती कडेला अर्धीमुर्धी टेकली होती, दोघांच्या सीटवर तिसरी बसते तशी. काकांनीच सांगितलं, "ताई, बसायचं तर ऐसपैस बसा. असं टेकलात तर गिऱ्हाइकाला वाटतं, तुम्ही उठायच्या घाईत आहात."

दिवाळीच्या आधी मी बघायला गेलो. त्या दुकानात मी नेहमी मागच्या बोळातून शिरायचो, पाठीवर गाठ घेऊन. पुढच्या दारानं पहिल्यांदाच गेलो. बाकावर बसलो. ती पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर साडी, आणि एका मायलेकींना पदर दाखवत होती. माझ्याकडं बघेना. त्या उठल्यावर म्हणाली, "बोला, काय दाखवू?"

"ओळखलं नाही वाटतं."

"दुकानात ओळख नसते. भाव एकच आहे."

काका खो खो हसले. मी म्हणालो, "बायकोसाठी साडी पाहिजे."

"रंग कुठला?"

आता मला काय माहीत. मी गाठी वाहिल्या, आत काय असायचं ते कधी बघितलं नाही.

"तिला विचारून या," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

तिची जखम भरली. शिरा गेल्या नाहीत, पण संध्याकाळी भिंतीला पाय लावायची गरज राहिली नाही. ती गेली ती वेगळ्याच दुखण्यानं, पोटाच्या. ते सांगत बसत नाही. गेल्या साली गेली.

नंतर काही महिन्यांनी संस्थेच्या बाई वारज्याला आल्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, दुकानात तिची जागा रिकामी आहे, आणि मालक दुसऱ्या बाईला बसू देत नाही. घड्या घालणारी एक तरुण बाई ती जागा मागतेय. मालकाचं म्हणणं, माझी बायको आजारी होती म्हणून माणुसकी केली, तो काही नियम नव्हे.

मी म्हणालो, "चला."

मालकानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, हिची आठवण काढली. डोळे पण भरले त्याचे, खोटं नाही. मी म्हणालो, "शेठ, तिला तुम्ही आजारी म्हणून बसवलं नव्हतं. आजारी माणसाला घरी बसवतात. ती विकत होती. ती मेली, जागा नाही मेली."

मालकानं मान हलवली आणि त्या पोरीला हाक मारली. ती घाबरत पुढं आली, चपला काढून ओट्यावर चढली, काकांच्या डाव्या हाताला बसली आणि समोरची साडी ओढून घेतली.

ती जागा भरावी म्हणूनच मी गेलो होतो, आणि भरल्यावर मला तिकडं बघवेना. उठलो आणि बाहेर आलो. संस्थेच्या बाई मागोमाग आल्या. स्टॉपपर्यंत बरोबर चालल्या आणि माझी बस येईपर्यंत थांबल्या.