आरतीआधीची गोळी

आमच्या कुरवंड्यात वाऱ्याला तोटा नाही. एक वारं कड्यावरून येतं आणि पत्रे वाजवतं. दुसरं अंगात येतं, ते देवाचं. तीन वर्षांपूर्वी भजनात मी अचानक उठून नाचायला लागलो, तेव्हा सगळ्यांनी ते दुसरं वारं धरलं. सगळ्यांच्या आधी मी धरलं.

मी लोणावळ्याच्या शाळेत गणित शिकवतो. वर्गात माझं कोणी ऐकत नाही. भजनी मंडळातही माझ्याकडे मागच्या रांगेतला टाळ. असा माणूस तासभर गजर ओढतो, थकत नाही, म्हटल्यावर लोक पाया पडणारच. मीही पडू दिलं. एकाला तर छातीठोक सांगितलं, तुझी म्हैस गुरुवारी व्यायची. तिचे दिवस भरलेच होते, एवढा हिशेब गणिताच्या मास्तराला यायला हरकत नव्हती. ती गुरुवारी व्याली आणि शुक्रवारी माझ्या ओटीवर सात नारळ.

बायकोने नारळांना हात लावला नाही. ती थेट आबांकडे गेली. आबा म्हणजे मंडळाचे प्रमुख, पंच्याहत्तरीतही पखवाज घुमवणारे. ती म्हणाली, "चार दिवस ह्यांचा डोळा लागला न्हाई. शाळेत हेडमास्तरांना आशीर्वाद देऊन आलेत."

आबांनी देवळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "देवाचं वारं आरती झाली की उतरतं. मानूस घरी जातो, जेवतो, झोपतो. ह्ये उतरत न्हाई. ह्ये डागदराचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. पुण्यापर्यंत मी त्यांना मोक्ष देत होतो आणि ते "व्हय, व्हय" म्हणत माझा हात घट्ट धरून होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि रोजच्या गोळ्या दिल्या. वारं उतरलं, पण त्याच्यामागे मीही उतरलो, पार तळाला. कित्येक आठवडे अंथरूण सोडलं नाही. मंडळातले दोघे दोघे रोज येऊन बसायचे. माझ्याशी काही नाही, आपापसांत भाताच्या रोपांविषयी बोलायचे आणि चहा पिऊन जायचे. ज्यांना जीपमध्ये मोक्ष दिला ते आबाही यायचे. मला त्यांचा राग यायचा. एक दिवस ते यायचे थांबतील या भीतीने मी उठून दाढी केली, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग पुन्हा देवळात जाऊ लागलो. आमच्याकडे आरतीआधी पाण्याचा तांब्या फिरतो. मंडळ म्हातारं, त्यामुळे कोणाची साखरेची गोळी, कोणाची रक्तदाबाची. मी माझी खिशात दाबून ठेवायचो आणि घरी गुपचूप घ्यायचो. एकदा आबांनी तांब्या माझ्यापुढेच धरून ठेवला. "काढा तुमची."

"माझी डोक्याची आहे, आबा."

"माजी साखरंची. गिळा, आरती व्हायचीय."

तेव्हापासून माझीही गोळी आरतीआधीच.

पण त्या गोळ्यांनी हात थरथरायला लागला. फळ्यावर सरळ रेघ येईना, टाळ एकाला दोन वाजू लागला. गेल्या महिन्यात ठरवलं, बास. थरथरीचं कारण खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला ते पाया पडणं आठवत होतं. सात नारळांचा मोह साठीच्या उंबरठ्यावरही सुटत नाही. त्या संध्याकाळी गोळी घरीच ठेवून गेलो.

तांब्या माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, "आज नाही. यापुढेही नाही."

निरांजन पेटलेलं होतं. आबांनी पखवाजावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "सगळ्यांची झाल्याबिगर आरती न्हाई."

"आबा, हात थरथरतो."

"सोमवारी डागदराला ईचारू. मी येतो संगं. तवर गोळी चालू."

मला वाटलं, कंटाळून सुरू करतील. कोणी हललं नाही. एकाने निरांजनात तूप घातलं. माझ्या एका गोळीसाठी अख्खं मंडळ आणि गाभाऱ्यातला मारुती खोळंबला होता. अखेर लाजून उठलो, चालत घरी गेलो, गोळी घेऊन परत आलो. सगळे तसेच बसलेले. तांब्या उचलला, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"गिळली?" आबांनी विचारलं.

वर्गातली पोरं दाखवतात तसं मी तोंड उघडून दाखवलं. मग राहवलं नाही. सगळ्यांदेखत वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," आबा म्हणाले. "टाळ घ्या. आदीच उशीर झालाय."