देवरावच्या मायची गरम फरशी

रिटायर होताना आम्ही गेटपास जमा केला, हेल्मेट जमा केलं. किस्से मात्र कुणी परत मागितले नाहीत, त्यामुळे ते घरी आले आणि वाढतच गेले. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातून आम्ही तिघं बॉयलरवाले एकाच वर्षी बाहेर पडलो: ऑपरेटर देवराव, वेल्डर गेडाम आणि फिटर मी. हे किस्से देवरावच्या घरचे.

*

चामोर्शीजवळच्या आपल्या गावी देवरावनं धान उकडायला परसात छोटा बॉयलर बसवला. त्याच हिवाळ्यात त्याच्या मायला लकवा झाला. बोलणं परत आलं, उजवा पाय मात्र बधिर राहिला. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, पाय गरम ठेवा, पण जपून; भाजलं तरी त्यांना कळणार नाही. आता सकाळच्या गार फरशीवर माय उतरायलाच तयार होईना.

देवराव मला म्हणाला, "बॉयलर हाये, पाईप हाये, तू हाये, गेडाम हाये. फरशीच गरम करून टाकू."

गेडाम बराच वेळ हसला. "भाऊ, आपल्या इकडं लोक फरशी थंडी कराले पाणी शिंपतेत!"

*

आयुष्यभर वाफेशीच संसार केलेला, दुसरं सुचणार कुठून? आम्ही मायच्या खोलीत पाईप अंथरले, वर नवी फरशी बसवली आणि सरळ वाफ सोडली. थोड्या वेळानं कोपऱ्यात झोपलेली मांजर ताडकन उठली आणि एकेक पाय झटकत बाहेर गेली.

माय खाटेवर होती म्हणून बरं. तिचा तो पाय खाली असता, तर ती तशीच बसून राहिली असती. मी तर पार घाबरलो. देवरावनं व्हॉल्व्ह बंद केला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

*

तिसऱ्या दिवशी मायनंच आम्हाला बोलावलं.

"देवराव, शेकाच्या पिशवीत काय भरते रे तू?"

"गरम पाणी."

"मंग फरशीत वाफ काऊन भरली?"

आम्ही तिघं बॉयलरवाले पुन्हा पान्हे घेऊन बसलो. मग बॉयलरमधलं पाणी खालून पंपानं काढलं, फरशीतून निवून येणारं पाणी त्यात मिसळून कोमट केलं आणि तेच फिरवलं. माय उतरण्याआधी देवराव रोज स्वतः अनवाणी खोलीभर फिरून यायचा.

*

बॉयलरवाल्याची एक खोड जात नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज दिल्याशिवाय तो चालू बॉयलर सोडत नाही. बल्लारपूरला देवरावच्या साळ्याच्या पोरीचं लग्न होतं. देवरावनं मला मुद्दाम गावी बोलावलं आणि रीतसर चार्ज दिला. पाणी पुरेसं, पंप ठीक, फरशी कोमट, माय जेवली. मी सहीसुद्धा केली.

देवरावची बायको, सुमनवहिनी, नवी साडी नेसून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, माहा चार्ज कोणी घेतला नाई."

देवरावनं त्यांची बॅग उचलली.

*

मागच्या पूस महिन्यातली, ऐन थंडीतली गोष्ट. सकाळी आम्ही तिघं मायच्या खोलीत चहा पीत होतो. ती भिंत धरून चालत होती. डाव्या पायात चप्पल होती. उजव्या पायाची बोटं पकड घेत नाहीत, त्यात चप्पल राहायचीच नाही. चालता चालता ती थांबली.

"फरशी थंडी लागून राह्यली, देवराव."

मी हात लावून पाहिला. खरंच गार होती. विजेची लाइन केव्हाची गेलेली, पंप बंद पडलेला, आणि आम्हा तिघांना पत्ता नाही. गेडाम लगबगीनं बाहेर गेला. देवराव जागचा हलला नाही.

"कोणत्या पायाले, माये?"

"उजव्या. डाव्यात चप्पल नाई का?" माय वैतागली.

देवरावनं कप खाली ठेवला आणि तिच्यापुढे फरशीवर बसला.

"माये," तो म्हणाला, "आणखी एक बार सांग."