रेसच्या दिवशीची रुबीना

आमच्या अकोल्यात ताहेर मिस्त्रीचं गॅरेज कोणाले माहीत नाही? आन् नसन माहीत, त त्यानं माझ्या पिठाच्या चक्कीवर येऊन विचारावं. समोरासमोर दुकानं आमची. इकडं मी, कौशल्या, ज्वारी दळून राहिली. तिकडं ताहेरभाई फटफट्या ठोकून राहिले. त्यायची पोट्टी रुबीना कडेवर होती तवापासून मी तिले पाहून राहिली.

शाळेतून आली का दप्तर माझ्या चक्कीत फेकायची आन् बापाच्या बाजूले उकिडवी बसायची. मोठी झाली तसं दुरुस्त झालेल्या गाड्या खेड्यापाड्यात पोचवाचं काम तिच्याकडं आलं. आमच्या शेताशेतातून जाणाऱ्या काळ्या मातीच्या पांदणी तुमाले माहीत नसतील. पावसाळ्यात चाकाले माती अशी बसते का गाडी जागेवर अडते. त्या चिखलातून ही पोट्टी गाडी नाचवत न्यायची. पडली त उठून, सलवार झटकून, पुन्हा किक मारायची. तिथूनच तिले मातीतल्या रेसचा नाद लागला. कॉलेज झालं, बापासंगं गॅरेजात लागली, आन् भंगारात पडलेली एक गाडी उघडून तिनं आपली रेसची गाडी उभी केली. सरावात तिच्या धुराले कोणी शिवत नव्हतं.

पण रेसच्या दिवशी? रेसच्या दिवशी पोट्टीचं पाणी पाणी व्हायचं. पहिल्या रेसले झेंडा पडाच्या आधीच क्लच सुटला आन् महाराणी तोंडावर. दुसऱ्यांदा लाइनीवर गाडी लावली, हातापायाले कापरं सुटलं, आन् सगळ्यायच्या देखत गाडी सोडून टेम्पोत जाऊन बसली. हेल्मेटही काढलं नाही. आतमध्ये रडून राहिली होती, दिसत नव्हतं इतकंच. गल्लीतले टवाळ पोट्टे हसले. त्यायले मी असं झापलं का त्यायच्या घरचं दळण दुसऱ्या चक्कीवर गेलं. गेलं त गेलं!

तिची माय अकीला तवापासून मांगं लागली, "बस कर बेटा, बहोत हुआ." रुबीनानं शेवटचं सांगून टाकलं, "अमरावतीची बायकायची रेस करते. याही वेळी लाइनीवरून उतरली त गाडी विकून टाकीन. मंग नाव नाही काढणार." पोट्टी जिभेची पक्की. बोलली ते करणारच.

मंग आमी काय केलं, ऐका. सगळ्या गल्लीनं मिळून ठरवलं, रेसच्या दिवशी पोट्टीले काडीचं काम करू द्याचं नाही. नवरीवानी जपाचं. टेम्पोत खुर्ची नेली, मोठी छत्री नेली. अमरावतीच्या बाहेर मैदानात ट्रॅक होता, तिथं तिले सावलीत बसवलं. अकीलानं पाण्यावर दुआ फुंकून तिले पाजलं, मी मीठ-मिरच्यायनं दृष्ट काढली. कोणी निंबूपाणी देऊन राहिलं, कोणी पाय दाबून राहिलं. ती गाडीकडं जाले उठली का आमी ओरडायचो, "बस व! हात काळे नको करू. आज तू राणी!" गाडीचं सगळं ताहेरभाई पाहून राहिले होते. बरं, आमचं काय चुकलं? मायाच केली ना आमी?

पण राणीचा चेहरा उतरत चालला. धुतलेले हात मांडीवर ठेवून बसली होती आन् ते हात थरथरून राहिले होते. मले म्हणे, "मावशी, मले बोटंच जाणवून नाही राहिली." मी मनात म्हणलं, गेली आता ही गाडी भंगारात.

तेवढ्यात बाजूच्या तंबूत बोंबाबोंब झाली. अमरावतीची जुईली, आजपर्यंत सगळ्यात जास्त रेसा जिंकलेली पोट्टी, तिच्या गाडीची क्लचची तार तुटली. दुसरी तार नाही, मिस्त्री नाही; भाऊ नुसता इकडून तिकडं पळून राहिला. आमच्या राणीनं पाहिलं, मांडीवरचे हातमोजे खुर्चीवर फेकले, आपल्या पेटीतली तार घेतली आन् थेट जुईलीच्या गाडीजवळ जाऊन उकिडवी बसली.

माझा त जीवच जळला! "अवो बयताड! तिले हरवाले आली ना तू? तिचीच गाडी नीट करून राहिली? चाल इकडं!" ऐकलं असन त शप्पथ.

ताहेरभाईनं मले हातानं थांबवलं. "राहू द्या ताई. तिचे हात पाहा."

पाहिलं. तार ओवून राहिली, ताण पाहून राहिली, नट आवळून राहिली, आन् हात एकदम ठाम. मनगटापर्यंत ग्रीस, कपाळावर ग्रीस, आन् चेहऱ्यावर रंग परत आलेला. गॅरेजात दिसते तशी दिसून राहिली होती. सकाळपासून आमी तिच्या हातून नेमकं हेच काढून घेतलं होतं. वारे आमची अक्कल!

गाडी चालू करून दिली, तेच काळे हात मोज्यात घातले आन् पोट्टी लाइनीवर गेली. मी डोळे मिटले. अकीलानं माझं मनगट असं दाबलं का वळ उठले. गाड्यायचा एकच आवाज झाला. डोळे उघडून पाहते त लाइन रिकामी आन् धुराळ्यात आमची रुबीना! पडली नाही, उतरली नाही. पहिल्या वळणाले मधात होती. उंचवट्यावरून गाडी उडवली आन् दोघी मांगं टाकल्या. पुढं पाणी सोडून चिखल केला होता, तिथं बाकीच्यायच्या गाड्या रुतल्या आन् हे आमचं पांदणीतलं पोर सरसर निघून गेलं. शेवटी समोर एकटी जुईली. दोघी चाकाले चाक लावून आल्या. जुईली पहिली, रुबीना दुसरी. अर्ध्या चाकाचा फरक!

"तिची तार जोडली नसती त..." मी दातओठ खाऊन म्हणलं. पण माझे डोळे वाहून राहिले होते, ते काय तारेसाठी? बाजूच्या अनोळखी माणसाचा दंड धरून मी सांगितलं, "ते पाहा, ते! आमच्या गल्लीतली हाय!" त्यो बिचारा हाव हाव म्हणत राहिला.

रुबीना गाडी घेऊन आमच्याजवळ आली. हेल्मेट काढलं त तोंडभर माती. पाणी घेतलं नाही, बसली नाही. बापासमोर उभी राहून दम खात विचारलं, "अब्बा, पुढची रेस कुठं हाय?"

ताहेरभाई नुसते तिच्या खांद्यावरची माती झटकत राहिले.

उत्तर अकीलानं दिलं. "नागपूर में, अगले महिने. मैंने तो सुबह ही पूछ लिया था."