दाजी सूत्रात बसेनात

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि जोडीला पीएच.डी. करत होते. विषय होता, माणसं गाव सोडून दुसरीकडे का जातात. माझ्या गाईडांकडे याचं तयार सूत्र होतं. शहरातला पगार, गुणिले तिथे नोकरी लागण्याची शक्यता. हा आकडा गावच्या कमाईहून मोठा झाला की माणूस निघतो. फळ्यावर लिहिताना मलाही ते पटायचं.

मग माझे दाजी आले. येवल्यात ते पैठणी विणायचे. सातपूरच्या एका कारखान्यात मी ओळखीने त्यांना चिकटवलं. राहायला आमच्याकडेच. काही महिन्यांनी कायम करायची वेळ आली, आणि नेमकी तेव्हाच त्यांनी पिशवी भरली. कारण विचारलं तर म्हणाले, ताई एकटी पडते. मग तिलाही आणा म्हटलं, तर नुसते हसले आणि येवल्याच्या एसटीत बसले. शब्द टाकला होता मी. लोकांना तोंड दाखवायची सोय उरली नाही.

पुढे सातपुरात टाळेबंदी आली. कामगार घरी बसले होते, येवल्यात मात्र माग जोरात होते. सूत्राप्रमाणे आता कुणी हलायचं कारण नव्हतं. अशा वेळी दाजी, ताई आणि भाची ट्रंकांसकट दारात हजर. दाजींनी देवळाली कॅम्पात एका दुकानाची राखणदारी धरली होती.

मी कपाळाला हात लावला. "दाजी, आता कशाला आलात?"

ते ताईकडे बघायला लागले. ताईच म्हणाली, "पोरगी दहावी झाली. तिला कॉलेजात घालायचंय. मागच्या वेळी आम्ही आलो असतो तर तिची शाळा मध्येच मोडली असती, म्हणून मीच यांना परत बोलावलं होतं."

इतकी वर्षं पाहणी करताना आम्ही फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाला प्रश्न विचारत होतो. मी पुन्हा वस्त्यांवर फिरले, या वेळी बायकांशी बोलले. बऱ्याच घरांत निघायचं की थांबायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. गाईडांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "अपवाद आहेत, वगळा." मी वगळले नाहीत. वाद वाढत गेला, शेवटी गाईड बदलावे लागले आणि प्रबंध काही वर्षं रखडला.

तोवर भाची शिक्षिका झाली. नाशिकमधली चांगली शाळा सोडून तिने देवळ्यासारख्या लहान गावी बदली मागून घेतली. मी वैतागून का म्हणून विचारलं.

"मावशी, सांगते," ती म्हणाली, "पण लिहू नकोस."