वहिनीचा जबाब
स्पिरिटचा वास आला की मला आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातली ती दुपार आठवते. वहिनीच्या बाळंतपणाच्या वेळी तिथले डॉक्टर जागेवर नव्हते आणि जीपने वाशीमला नेताना वाटेतच बाळ गेलं. आम्ही तक्रार केली, तेव्हा महिन्याभराने त्याच केंद्रात चौकशी अधिकारी आले. ते डॉक्टरांच्याच गाडीतून उतरले, तिथेच मला शंका आली. वहिनीचा जबाब लिहून त्यांनी कागद पुढे सरकवला. "करा सही, बाई." वहिनी म्हणाली, "भाऊजी, आधी मले वाचून दाखवा." कागदावर होतं, नातेवाइकांनी रुग्णाला उशिरा आणले. वहिनी उठून उभी राहिली. "असं काहून लिहिलं? तीन घंटे इथंच डॉक्टरची वाट पाहून राह्यलो होतो आमी!" अधिकाऱ्यांनी नवा कागद घेतला, पण जुना फाडला नाही, फाईलमध्येच ठेवला. वर्षभराने निकाल कळला. डॉक्टरांची एक वेतनवाढ रोखली होती. "म्हंजे काय?" वहिनीने विचारलं. मी म्हणालो, "एक वर्ष पगार वाढणार नाही." आता मीही सरकारी नोकरीत आहे. दर जुलैला माझा पगार वाढतो, पण ते वहिनीला सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.